उताणं धरलेलं बोळकं

काविळीचं औषध मुक्यानं आणायचं, अशी सेलूच्या भागात तेव्हा रीत होती. देणारा बोलत नसे, नेणारा बोलत नसे, आणि पिणाऱ्यानंही सूर्य कासराभर वर येईपर्यंत तोंड उघडायचं नसे. मध्ये कुणी बोललं की औषधाचा गुण जातो म्हणत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या रीतीशिवाय कुणाला कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याचा सगळा दोष मी कितीतरी वर्षं या रीतीवरच ढकलत आलो. रीत बिचारी मुकी. ती काय बोलणार?

निजामाचं राज्य होतं. माझं गाव बीड जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकवणं उर्दूत, घरी बोलणं मराठीत. तिसऱ्या जमातीपर्यंत मी दोन्हीकडं अर्धामुर्धाच राहिलो. वडील गेले आणि तेवढंही सुटलं. मग कुणाची गुरं वळ, कुणाची मोट हाक, असं करत बाविशीला आलो. कुणीतरी म्हणालं, सेलूला कपाशीचे कारखाने आहेत, सुगीभर काम मिळतं. चालत आणि मिळेल त्या गाडीनं जालन्यापर्यंत गेलो, तिथून रेल्वेनं सेलूला उतरलो. फलाटावर उभं राहून पहिल्यांदा वाटलं ते हे, की आता आपण इथं मेलो तर आईला कळायला महिना लागेल. माझा स्वभावच असा. आनंदाच्या आधी मला भीती सुचते.

जिनिंगमध्ये काम मिळालं. सरकीपासून रुई सुटायची, आणि सगळ्या शेडभर तिचा फुफाटा उडायचा. संध्याकाळी बाहेर पडलो की पापण्यासुद्धा पांढऱ्या. माझ्या शेजारच्या यंत्रावर जो माणूस होता, त्याला मी दादा म्हणू लागलो. तो पोखर्णीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. भावांत जमीन पुरेना म्हणून बायकोला घेऊन सेलूला आलेला. पहिल्या दिवशी मी रुई नाकातोंडात जाऊन खोकत होतो, तर तो यंत्राच्या आवाजावरून ओरडून म्हणाला, "नाकाला फडकं बांध लेका, न्हाई तर सुगी संपायच्या आत तुझीच गठाण होईल." सगळे हसले. मीही हसलो. त्या गावात मी हसलो तो पहिलाच दिवस.

त्यांच्या घराला एक पडवी होती. तिथं मला राहायला जागा दिली. वैनी आमच्या दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधायच्या, आणि त्यात दादाची कुठली आणि माझी कुठली हे कधी वेगळं नसायचं. दादाला पोथी वाचता यायची. गठाणीच्या गोणपाटावर कोळशानं अक्षरं काढून त्यानं मला मराठी वाचायला शिकवलं. आज मी हे लिहितोय ती अक्षरं त्याची आहेत. 'ळ' मला जमायचा नाही, तर म्हणायचा, दोन बैल पाठीला पाठ लावून बसलेत असं समज.

दुसऱ्या वर्षी मला हिवताप झाला. तीन आठवडे मी पडवीत थडथडत पडून होतो. मुकादमानं सांगितलं, माणूस उभा नसेल तर नाव काटतो. तर दादानं माझं यंत्रही स्वतःकडं घेतलं. आपली पाळी संपली की माझी. घरी यायचा तेव्हा त्याला पायातल्या वहाणा काढायचं भान नसायचं. इतका थकायचा की झोप लागायची नाही. कुणीतरी सांगितलं, मोहाची दारू थोडी घेत जा, अंग सैल पडतं. त्यानं घेतली. आधी कधीमधी घेत असेल, मला माहीत नाही. पण रोजची सुरू झाली ती त्या तीन आठवड्यांत. मी बरा होऊन कामावर गेलो आणि त्याची दुसरी पाळी सुटली. ही सुटली नाही.

याबद्दल त्यानं मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

सकाळी डोकं धरलेलं असायचं. त्यावर जिनातल्या गड्यांचं एक ठरलेलं औषध होतं. बाजारातून आसवाची बाटली आणायची आणि उठल्या उठल्या दोन झाकणं घ्यायची. द्राक्षांचं औषध, शक्तीचं, वैद्याच्या पोथीतलं. त्याला कोण वाईट म्हणणार? वैनी बिचाऱ्या स्वतःच्या हातानं द्यायच्या. पुढं दोन झाकणांची चार झाली, मग पेल्यानं घ्यायला लागला, आणि वैनी शेजारणीला कौतुकानं सांगायच्या की आता दारू कमी करायलेत, औषधावर हायत. आसवही मुरवून, आंबवूनच केलेलं असतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त दादाच्या अंगाला.

पुढच्या माघात त्याचे डोळे पिवळे झाले. आधी वाटलं रुईनं झालं असेल. मग नखं पिवळी, मग भाकरीचा वास नको, आणि पोट उजव्या बाजूला दगडासारखं. वैनींनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला, की यांच्या पोटात काविळीचं औषध जाईपर्यंत मी एकवेळ खाईन. आणि मला म्हणाल्या, भाऊजी, देवगावच्या वाटेवर एक अप्पा हायत, ते औषध देतात, तेवढं जाऊन या.

अप्पा म्हणजे त्या वाटेवरच्या वाडीतले एक शेतकरी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, हात नांगरानं घट्टे पडलेले. औषध त्यांच्या घराण्यात वडिलांकडून आलेलं. त्याचं ते काही घेत नसत, नारळसुद्धा नाही. औषध फक्त रविवारी, आणि मुक्यानं. पण ते आंधळेपणानं देणारे नव्हते. आधी एकदा नुसतं पथ्य ऐकायला जावं लागे, आणि त्या दिवशी मात्र ते भरपूर बोलत. मला बांधावर बसवून त्यांनी विचारलं, पितो का? मी म्हटलं, पितो. आणखी काय घेतो? मी आसवाचं सांगितलं. ते बराच वेळ डोकं हलवत राहिले. म्हणाले, ती बाटली आधी बंद कर. आसव, अरिष्ट चांगलीच औषधं हायत, पण पिणाऱ्याला न्हाईत, काविळीच्या माणसाला तर न्हाईतच न्हाईत. मग त्यांनी आपल्या औषधाचं सांगितलं. ती एक जालीम मुळी होती. ढाळ होतात, ओकाऱ्या होतात, आणि त्यातून रोग निघतो, अशी त्यांची समजूत. पण ती कोरड्या अंगाला. तीन दिवस दारूचा थेंब पोटात गेलेला नसावा.

"दारूवर कंचंच औषध टाकायचं न्हाई, माझं तर मुळीच न्हाई," ते म्हणाले. "प्यालेल्या माणसाला पाणी पाजा, पेज द्या, मीठ घालून ताक द्या, निजू द्या. औषधाला घाई न्हाई. आणि आणखी एक ध्यानात ठेव. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की हात कापतेत, घाम फुटतो, नसलेलं दिसायला लागतं. तसं झालं तर त्याला कोंडून बसू नका. मला येऊन सांगा. मी येऊन बघतो, औषध फुडं ढकलू."

मग रीत सांगितली. रविवारी दिवस उगवायच्या सुमाराला नवं मातीचं बोळकं घेऊन त्यांच्या गोठ्यापाशी उभं राहायचं. पथ्य पाळलं असेल तर बोळकं उताणं धरायचं, ते त्यात औषध घालतील. पथ्य मोडलं असेल तर बोळकं उपडं धरायचं. ते न बोलता पुढं जातील, आपण न बोलता परत यायचं, पुढच्या रविवारी पुन्हा. ना कुणाला सांगणं, ना कुणाची लाज. मला त्या दिवशी वाटलं, किती शहाणी रीत आहे ही. माणसाला तोंडानं कबूल करायला जड जातं, म्हणून कुणीतरी जुन्या माणसानं हे सोपं करून ठेवलं.

पहिल्या रविवारी मी बोळकं उपडं धरलं. दादानं शुक्रवारी चोरून घेतली होती आणि मला तसं सांगितलंही होतं. अप्पा माझ्यापाशी आले, बोळक्याकडं बघितलं, आणि माझ्या खांद्याला नुसता हात लावून पुढं गेले. रिकाम्या हातानं घरी आलो तर वैनी दारातच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. चुलीपुढं गेल्या आणि पाठ करून बसल्या. त्यांची एकवेळची भाकरी आणखी आठ दिवस लांबली होती. दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची पाठ हलत होती.

त्यानंतर मात्र त्यानं खरंच सोडली. बुधवारपासून थेंब नाही. गुरुवारी जुनी आसवाची बाटली स्वतः उठून उकिरड्यावर फोडून आला. वैनी शुक्रवारी थोड्या हसल्या. त्यांच्या गालाची हाडं वर आली होती, हसल्यावर ती जास्तच दिसली.

शनिवारी दुपार उतरली आणि त्याचे हात कापायला लागले. वैनी नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. मी कामावरून आलो तर तो पडवीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला. म्हणाला, भिंतीवरच्या मुंग्या झाड. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. अप्पांनी सांगितलं होतं ते अगदी शब्दाला शब्द तसं झालं होतं. मी म्हटलं, दादा, मी आत्ताच्या आत्ता वाडीला जातो, अप्पांना सांगतो, औषध पुढं ढकलू. त्यानं माझं मनगट धरलं. त्या कापऱ्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे.

"अन् पुन्यांदा उपडं बोळकं घिऊन येशील?" तो म्हणाला. "ती उपाशी मरंल रे. तिच्याकडं बघितलंस का? दोन घोट आणून दे. निस्ते हात थांबू दे. उद्या औषध घेतो, मंग जल्माची सुटली. तुझ्यासाठी मी काय केलं ते मी कधी काढलं का? न्हाई न्हवं? मंग एवढं कर."

काढलं नाही म्हणत त्यानं ते काढलं. मी त्याला दोष देत नाही. त्या वेळी तो बोलत नव्हता, त्याचे हात बोलत होते. पण माझे हात तर कापत नव्हते. मी शिंदीखान्यावर गेलो आणि मोहाची आणली. दोन घोट म्हणाला होता. त्यानं सगळी प्यायली. हात थांबले. मग लहान मुलासारखा तोंड पुसून म्हणाला, आता बघ, कसा शहाण्यावानी निजतो. वैनी धुणं घेऊन आल्या तेव्हा तो गाढ झोपला होता. त्यांनी मला खुणेनंच विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, बरं आहे. झोप लागली म्हणजे पथ्य लागू पडलं, असं समजून त्यांनी देवाला हात जोडले.

सकाळी दवानं ओलं झालेलं रान तुडवत मी वाडीला गेलो. वाटभर मी स्वतःला समजावत होतो. उपडं धर. बोळकं उपडं धर, एवढंच तर करायचंय. कुणी विचारणार नाही, बोलायचं नाही. आणि मग वैनींची ती चुलीपुढची पाठ आठवायची. आणि मग वाटायचं, रात्रभरात उतरली असेल. घाम येऊन गेला असेल. एवढंसं काय होणार आहे?

गोठ्यापाशी आम्ही चार-पाच जण होतो. अप्पा आंघोळ करून ओल्या धोतरानं आले, हातात औषधाचं पातेलं. एकेकाच्या बोळक्यात घालत माझ्यापर्यंत आले. मी बोळकं उताणं धरलं होतं. पण हात थोडा हलला असावा, कारण ते थांबले आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्यांना विचारायचं होतं. मला आता वाटतं, त्यांना नक्कीच विचारायचं होतं. पण त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं की बोलायचं नाही. मी नजर खाली घातली. त्यांनी बोळकं भरलं.

येताना वाटेत जिनातला एक गडी भेटला. रामराम म्हणाला. मी मुक्यानं पुढं गेलो. तो मागून म्हणाला, लय मोठा माणूस झालास बाबा.

घरी दादा उठून बसलेला होता, चेहरा धुतलेला. मी बोळकं त्याच्या हातात दिलं. त्यानं एका दमात घेतलं. वैनी अगदी त्याच्याजवळ, त्याच्या पाठीला हात लावून बसल्या होत्या. तो पीत असताना त्यांनी एकदम मान दुसरीकडं वळवली आणि ओठ दाबून धरले. मला वाटलं, त्यांना रडू येतंय, सुटकेचं. मग दादानं रिकामं बोळकं भिंतीवर आपटून फोडलं, रीत होती तशी, आणि आम्ही तिघंही सूर्य वर येईपर्यंत एकमेकांकडं बघत गप्प बसून राहिलो.

न्याहारीच्या वेळेला ओकाऱ्या सुरू झाल्या. मग ढाळ. ते होणार हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आधी आम्ही घाबरलो नाही. पण दुपार झाली तरी थांबेना. पायांत गोळे यायला लागले, ओठ काळवंडले, ताक पाजलं की तसंच बाहेर. मी वाडीला पळत गेलो. अप्पा औत सोडून, तसेच मातीच्या पायांनी माझ्याबरोबर आले. दादाची नाडी बघितली, पोट दाबून बघितलं. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी तोंडानं विचारलं, कारण आता बोलायला बंदी नव्हती.

"पथ्य पाळलं हुतं न्हवं?"

वैनी म्हणाल्या, "व्हय अप्पा. पाळलं हुतं."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो. ते म्हणाले, मग थांबवू नका; कोरडं अंग हाय, रोग निघायलाय, सांजच्यापस्तोर उतार पडंल. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर त्यांनी बरोबर तेच सांगितलं. सांज झाली. उतार पडला नाही. दुसऱ्या दिवशी, जिनिंगचा दुपारचा भोंगा झाला त्यानंतर थोड्या वेळानं, दादा गेला. शेवटी त्यानं मला हाक मारली होती, पण नाव माझं नव्हतं, त्याच्या धाकट्या भावाचं होतं. मी ओ दिली.

काही लोक म्हणाले, काविळीनंच गेला, कुठलं औषध त्याला तारणार होतं. असेलही. पोट आधीच दगड झालं होतं. मला वैद्यकी कळत नाही. पण मला एवढं कळतं की कापरे हात घेऊन त्याला निदान आणखी आठ दिवस होते, आणि त्या आठ दिवसांत काय झालं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही.

पोखर्णीहून त्याचे भाऊ आले, सगळं झालं. तेरावं झाल्यावरही थोडे दिवस वैनी सेलूलाच राहिल्या. मी कामावर जात होतो. दादाच्या यंत्रावर नवा माणूस आला होता. त्यालाही रुईनं खोकला येत होता. मला त्याला सांगता आलं नाही, की नाकाला फडकं बांध.

मग कानावर आलं, की अप्पांनी औषध देणं बंद केलं. दोन रविवार लोक बोळकी घेऊन रिकामे परत आले. माझ्या हातचा गुण गेला, पथ्य पाळलेला माणूस माझ्या हातानं गेला, असं अप्पा म्हणतात म्हणे. दादाचं ओझं माझं होतं, ते मी वागवत होतो. पण हे दुसऱ्याच माणसाच्या पाठीवर जाऊन बसलं होतं, आणि तो माणूस निमूट घेऊन चालला होता.

मी वाडीला गेलो. अप्पा बैलांना कडबा टाकत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं: शनिवारी दादानं घेतली, मीच आणून दिली, आणि बोळकं मी उताणं धरलं. सांगायला एवढंच लागलं. तीन वाक्यं. एवढ्यासाठी मी माणूस घालवला.

अप्पांनी पेंढी खाली ठेवली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते गव्हाणीच्या काठावर बसले आणि बैलाच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

"त्या दुपारी जरी बोलला असतास," ते शेवटी म्हणाले, "तरी मी ढाळ थांबवला असता. बेलफळ हुतं घरात." मग थोड्या वेळानं, "मला बी इचारायला पायजे हुतं. तुझा हात हलला हुता. मी बघितलं हुतं. बापानं बोलू नगं म्हनलं म्हून मी बोललो न्हाई. बापाला काय ठावं, त्याच्या काळी मोहाची एवढी कोण पेत हुतं."

मग त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग जा. सांग."

पुढच्या रविवारपासून अप्पांनी पुन्हा औषध द्यायला सुरुवात केली, पण तोंडानं विचारून. रोग्यानं शेवटची कधी घेतली, किती घेतली, आणखी काय काय पाजलंय, बाजारातलं, वैद्याचं, बायकांनी घरी केलेलं, सगळं सांग, मगच बोळकं पुढं कर. लोकांत कुजबुज झाली, की मुकं औषध बोलकं केलं, आता त्याचा काय गुण राहिला. निम्मे लोक यायचे बंद झाले. अप्पा म्हणाले म्हणे, गुण जायचा तर जाऊ द्या, माणूस राहू द्या.

मी वैनींना सांगायला आणखी चार दिवस लावले. ज्या सकाळी त्यांचे दीर गाडी जुंपून त्यांना न्यायला आले, त्या सकाळी. गाडीत सामान चढत होतं. दोन भांडी, एक गोधडी, दादाची पोथी. वैनी पडवीत आल्या, मी जिथं तीन आठवडे तापानं पडलो होतो त्याच जागेपाशी. मला म्हणाल्या, तुमी होताव म्हून मला आधार होता भाऊजी, पाठच्या भावानं केलं नसतं एवढं केलंत. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मला ते ऐकवेना.

मी म्हटलं, "वैनी, दादानं शनिवारी घेतली होती."

त्या दचकल्या नाहीत. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "औषध पेताना तोंडाचा वास आला. मी इतक्या जवळ बसले हुते. बोलणार हुते, हात धरणार हुते. पर वाटलं, बोलले तर औषध बाटंल, गुण जाईल, अन् पुन्ना आठ दिस. मी गप बसले. अप्पानं इचारलं तवा बी खोटं बोलले, म्हणलं मेलेल्या... जाणाऱ्या माणसाची लाज कामून काढा." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "रोज इचार करते. त्या दिशी त्यांला उठून जायची बी ताकद नव्हती. कुणी आणून दिली असंल?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी सगळ्यांचा विचार केला होता, माझा सोडून.

"मी," म्हटलं.

बाहेर दीर बैलांना हाळी देत होता. वैनी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. काहीतरी मिटलं, पाणी पिऊन झाल्यावर झाकण ठेवावं तसं.

"आता बोलायलाव व्हय, भाऊजी," त्या म्हणाल्या.

आणि गाडीत जाऊन बसल्या. पोखर्णीच्या वाटेला गाडी लागली तेव्हा मी पडवीतच उभा होतो. पुढं जाऊन निरोप द्यावा एवढंही मला सुचलं नाही. पुढं मीही सेलू सोडलं, निजामाचं राज्यही गेलं, आणि मी आणखी लांब, आणखी अनोळखी गावांत राहिलो. कुणी आजारी दिसलं, कुणी काढा उकळताना, चूर्ण चाळताना दिसलं, की मी विचारतो: यानं दारू कधी घेतली? खरं सांगा. लोक रागावतात. सभ्य घरांत तर फारच रागावतात. मी तरी विचारतो. पोखर्णीला मात्र मी कधी गेलो नाही.

त्या दिवशी गाडी गेल्यावर मी आत आलो. चूल थंड होती, सारवलेली होती. कोनाड्यात रोजच्या जागी रोजचं फडकं होतं. कामावर न्यायला त्यांनी पहाटेच भाकरी करून ठेवल्या होत्या, मी बोलायच्या आधी. सोडून बघितलं तर दोघांच्या होत्या. हाताला सवय होती ती. मी त्या घेऊन जिनिंगला गेलो, आणि दुपारच्या भोंग्याला यंत्रापाशी बसून सगळ्या खाल्ल्या. टाकवल्या नाहीत.